कुंपण आणि शेत

छत्रपति संभाजीनगराहून अहिल्यानगराच्या रस्त्यानें निघालें म्हणजे थोड्याच अंतरावर वाळूजची औद्योगिक वसाहत लागते. १९८५ सालीं बजाज ऑटोचा कारखाना येथें सुरू झाला आणि त्याच्या आसपास कामगारांची जी वस्ती वाढत गेली तिला बजाजनगर असें नांव पडलें. जालना, बीड, परभणी, बुलढाणा अशा जिल्ह्यांतून पोटासाठीं आलेलीं माणसें येथें भाड्याच्या खोल्यांतून राहूं लागलीं. कांहींनीं पुढें स्वतःचीं घरें बांधलीं. आणि पाळीच्या भोंग्यावर चालणारें एक नवें गांव उभें राहिलें. अशा गांवाचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. कारण तेथें किल्ला नाहीं, लेणें नाहीं, ताम्रपट नाहीं. परंतु २०२० सालीं या गांवाची गांठ अशा एका इतिहासाशीं पडली कीं, ज्याचीं पानें तोंवर ओसाका, फिलाडेल्फिया, ऑक्सफर्ड अशा दूरच्या ठिकाणीं लिहिलीं जात होतीं.

त्या वर्षाच्या जून अखेरीस कोविडचा उपद्रव बजाजनगरांत एकाएकीं वाढला. बजाज ऑटोच्या वाळूज येथील आठ हजारांवर कामगारांपैकीं अडीचशेंच्या आसपास कामगारांना बाधा झाल्याचें वृत्त जुलैच्या आरंभीं देशोदेशींच्या वृत्तपत्रांत आलें आणि वाळूज परिसरांत संचारबंदी लागली. त्या दिवसांत, आणि त्याहूनहि अधिक पुढील वर्षाच्या चैत्र-वैशाखांत, रक्ततपासणीच्या कागदावर एक अपरिचित शब्द घरोघरीं येऊन पोंचला. ‘आयएल-६’ असा तो शब्द, आणि त्याच्या पुढें एक आंकडा. ज्यांनीं शाळेंत रसायनशास्त्राचें पुस्तक मिटल्यावर पुन्हां उघडलें नव्हतें, तेहि एकमेकांस दूरध्वनीवरून विचारूं लागले, “दादांचा आयएल किती आला?” आंकडा मोठा आला कीं, ‘टोसिलिझुमॅब’ नांवाच्या औषधाचा शोध सुरू होई. त्याच्या एका मोठ्या कुपीची किंमत सुमारें ४०,००० रुपये होती, आणि तेवढे पैसे हातीं घेऊनहि ती मिळेलच असें नव्हतें.

ज्या शब्दापायीं घरांतील दागिना गहाण पडावा, त्या शब्दाचा अर्थ तरी त्या घरास कळावयास हवा होता. तो तेव्हां कळला नाहीं. घाईंत कळणेंहि कठीणच होतें. आतां तें वादळ मागें पडलें आहे, तेव्हां या शब्दाची कुळकथा स्वस्थपणें पाहण्यास हरकत नाहीं.

दाहाची ओळख मनुष्यास फार प्राचीन काळापासून आहे. पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार सेल्सस यानें लाली, सूज, उष्णता आणि वेदना अशीं त्याचीं चार लक्षणें नोंदून ठेविलीं. आपल्याकडे सुश्रुतसंहितेंत व्रणशोथाच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था सांगितल्या आहेत; आणि कच्च्या शोथावर शस्त्र चालविणारा व पिकलेल्याची उपेक्षा करणारा असे दोन्ही वैद्य सारखेच निंद्य ठरविले आहेत. शोथ किती मोठा आहे यापेक्षां तो कोणत्या अवस्थेंत आहे, हा प्रश्न सुश्रुतानें पुढें ठेविला. वाचकांनीं हें वचन लक्षांत ठेवावें. त्याचें काम पुढें पडणार आहे.

दाह हा रोग नसून रोगाशीं चाललेला झगडा आहे, ही दृष्टि मात्र अर्वाचीन. १८८२ सालीं मेसिना येथें मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञानें तारामाशाच्या पारदर्शक डिंभांत कांटा टोंचून पाहिला, तों फिरत्या पेशींनीं त्या कांट्यास वेढा घातलेला त्यास दिसला. शरीराचे शिपाई धांवून येतात हें अशा रीतीनें कळलें; परंतु त्यांना वर्दी कोण देतें? बोटास गळूं झालें असतां सबंध अंग कां तापतें? मुंगीएवढ्या जखमेची वार्ता मेंदूस आणि यकृतास कोण नेऊन पोंचवितें?

या प्रश्नाचे दोन धागे निरनिराळ्या ठिकाणीं हातीं लागले. १९३० सालीं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत टिलेट व फ्रान्सिस यांना असें आढळलें कीं, न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तांत आजाराच्या भरांत एक विशिष्ट प्रथिन वाढतें आणि रुग्ण बरा होतांच तें नाहींसें होतें. हेंच तें सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे तपासणीच्या कागदावरील ‘सीआरपी’. तें यकृतांत तयार होतें हें पुढें समजलें. पण फुप्फुसांतील संकट यकृतास कसें कळतें हें कोडें उरलेंच. दुसरा धागा १९४८ सालचा. अमेरिकेंत पॉल बीसन यानें सशाच्या श्वेतपेशींपासून असें द्रव्य मिळविलें कीं, तें दुसऱ्या सशास टोंचलें असतां त्यास ताप येई. म्हणजे ताप हा केवळ जंतूच्या विषाचा परिणाम नव्हे. आपल्याच पेशी तो चढवितात. रोग्याच्या अंगांतील आग शत्रूनें लावलेली नसून बहुतांशीं घरच्या माणसांनीं पेटविलेली असते, हा विचार त्या काळीं नवा होता.

असे दूत एक दोन नसून अनेक आहेत हें पुढील पंचवीस वर्षांत दिसून आलें. पेशींनीं एकमेकींस धाडलेल्या या प्रथिनरूपी निरोपांना १९७४ सालीं ‘सायटोकाइन’ हें नांव मिळालें. परंतु एकेक दूत ओळखून काढणें हें काम मोठें चिकाटीचें होतें. कारण रक्तांत त्यांचें प्रमाण अतिशय थोडें असतें. एका ग्रॅमचे लक्ष कोटि भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे एक पिकोग्रॅम. आणि निरोगी माणसाच्या एक मिलिलिटर रक्तांत आपल्या कथानायकाचे असे थोडकेच पिकोग्रॅम असतात.

तदामित्सु किशिमोतो हा जपानी वैद्य या द्रव्याच्या मागें १९७० नंतरच्या दशकारंभीं लागला. कांहीं श्वेतपेशींनीं सोडलेल्या रसामुळें दुसऱ्या श्वेतपेशी प्रतिपिंडें बनवूं लागतात, एवढाच त्याचा मूळ धागा होता. १९८६ सालीं ओसाका येथें त्यानें, तोशिओ हिरानो व इतर सहकाऱ्यांसह, या द्रव्याची जनुकीय रचना शोधून काढली. आणि मग एक मौजेची गोष्ट उघडकीस आली. इस्रायलांत कोणी याच द्रव्यास इंटरफेरॉनचा एक प्रकार समजत होते. बेल्जियममध्यें कोणी त्यास पेशींची वाढ करणारा पदार्थ म्हणून ओळखीत होते. आणि यकृतास चेतविणारें एक द्रव्य म्हणून आणखी कोणी त्याच्याच शोधांत होते. हत्तीची सोंड, कान आणि पाय चाचपणाऱ्या आंधळ्यांचीच ही गोष्ट. फरक इतकाच कीं, येथें ते सारे भांडत न बसतां एका नांवावर एकमत झाले. १९८८ च्या अखेरीस त्या द्रव्याचें नांव इंटरल्यूकिन-६ असें ठरलें. टिलेट आणि फ्रान्सिस यांचें कोडेंहि त्याबरोबर सुटलें : फुप्फुसाची वर्दी यकृतास नेऊन सीआरपी वाढविणारा मुख्य दूत हाच.

या दूताची कामगिरी पाहिली तर त्यास खलनायक कोणी म्हणणार नाहीं. तो मेंदूस ताप वाढविण्यास सांगतो, यकृतास संरक्षक प्रथिनें करण्यास लावतो, प्रतिपिंडें बनविणाऱ्या पेशींस कामास जुंपतो. १९९४ सालीं शास्त्रज्ञांनीं इंटरल्यूकिन-६ मुळींच नसलेले उंदीर निपजविले. तेव्हां विषाणूंचा व जंतूंचा संसर्ग आंवरणें त्या उंदरांस कठीण गेलें. इतकेंच नव्हे, तर राबणारा स्नायूहि हेंच द्रव्य रक्तांत सोडतो, असें डेन्मार्कमधील संशोधकांना २००० च्या सुमारास दिसून आलें. कारखान्यांत पाळी करून घरीं परतणाऱ्या निरोगी कामगाराच्या अंगांतहि तो असतोच. तो शरीराचें कुंपण आहे.

परंतु आपल्या भाषेंत एक म्हण आहे : कुंपणच शेत खातें. १९८९ सालीं किशिमोतो यांच्या सहकाऱ्यांना कॅसलमन नांवाच्या विरळ रोगांत असें आढळलें कीं, रोग्याच्या सुजलेल्या गांठीच हें द्रव्य अखंड निर्माण करीत असतात. बाहेर शत्रु कोणी नाहीं, आणि वर्दी मात्र थांबत नाहीं; त्यामुळें ताप, अशक्तता आणि रक्तक्षय. संधिवाताच्या एका दीर्घ व क्लेशदायक प्रकारांत, ज्यास आमवात म्हणतात त्यांतहि, सांध्यांच्या आंत हाच प्रकार घडत असतो. तेव्हां दूताचें तोंड बंद करावें ही कल्पना सुचली. परंतु दूतास पकडण्याऐवजीं, तो ज्या दारावर थाप मारतो तें दारच अडवून धरावें अशी युक्ति जपानी संशोधकांनीं योजिली. पेशीवरील त्या दारास चिकटून बसणारें प्रतिपिंड तयार झालें, तेंच टोसिलिझुमॅब. २००५ सालीं जपानांत कॅसलमन रोगासाठीं आणि २००८ सालीं आमवातासाठीं त्यास मान्यता मिळाली. वर्षानुवर्षें आंखडलेलीं बोटें पुन्हां मोकळीं होऊं लागलीं. औषधाच्या इतिहासांत प्रयोगशाळेंतील शुद्ध जिज्ञासा एवढ्या सरळ वाटेनें रोग्याच्या खाटेपर्यंत पोंचल्याचीं उदाहरणें थोडीं.

आतां वादळाची कथा. १९१८ च्या मानमोडीच्या तापांत आपल्या देशांत एक कोटीहून अधिक माणसें दगावलीं, आणि वृद्धांबरोबर ऐन उमेदीचीं धडधाकट माणसेंहि त्यांत फार गेलीं. बळकट शरीराचा प्रतिकारच त्यांच्या मुळावर आला असावा, असें एक अनुमान त्यावर पुढें केलें गेलें. ‘सायटोकाइनचें वादळ’ हा शब्दप्रयोग १९९३ सालीं मज्जारोपणानंतरच्या एका उपद्रवासंबंधीं प्रथम छापला गेला. पुढें २०१२ सालीं फिलाडेल्फिया येथें एमिली व्हाइटहेड या लहान मुलीच्या रक्तकर्करोगावर तिच्याच पेशी प्रयोगशाळेंत पालटून परत तिच्या शरीरांत सोडल्या, तेव्हां कर्करोगाशीं जुंपलेल्या त्या लढाईंत मुलगीच मरणाच्या दारीं गेली. तपासणींत इंटरल्यूकिन-६ भयंकर वाढलेलें दिसलें. त्या संशोधनाचे प्रमुख कार्ल जून यांच्या मुलीस बालसंधिवात असल्यामुळें टोसिलिझुमॅबची माहिती त्यांना होती. तें दिलें आणि मुलगी थोड्याच अवधींत सांवरली. पवईची आय.आय.टी. आणि मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय यांच्या प्रयत्नांतून निघालेल्या अशाच स्वदेशी पेशीचिकित्सेस ऑक्टोबर २०२३ मध्यें मान्यता मिळाली. त्या उपचारांतहि हें वादळ उठूं शकतें म्हणून त्यावर वैद्यांची नजर असते.

अशी कीर्ति पाठीशीं असलेलें औषध २०२० सालीं कोविडच्या रोग्यांकडे वळलें नसतें तरच नवल. चीनमधील २१ रोग्यांवरील अनुभव आशादायक म्हणून प्रसिद्ध झाला आणि जगभर त्याची मागणी सुरू झाली. पण तुलनेस दुसरा गट नसतां २१ रोग्यांवरून निष्कर्ष काढणें म्हणजे पहिल्याच पावसावरून सुगीचा हिशेब मांडण्यासारखें आहे. त्याच वर्षाच्या जुलैंत एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चांचणीचा निकाल आला : औषधानें मृत्यु कमी झाले नाहींत. आपल्या देशांतील १२ रुग्णालयांत १८० रोग्यांवर झालेल्या चांचणीनेंहि, मार्च २०२१ मध्यें, हें औषध सरसकट देण्यास आधार नाहीं असेंच सांगितलें.

दरम्यान खरी वार्ता भलतीकडून आली होती. १६ जून २०२० रोजीं ऑक्सफर्डच्या संशोधकांनीं डेक्सामेथासोन या जुन्या, कांहीं रुपयांत मिळणाऱ्या औषधाचा निकाल जाहीर केला. १९४८ सालीं फिलिप हेंच यानें आमवाताच्या रोग्यास कॉर्टिसोन दिलें, त्याच घराण्यांतील हें औषध. एका दूताचें दार न अडवितां एकंदर दाहाचाच जोर तें कमी करतें. कृत्रिम श्वासावर असलेल्या १०० रोग्यांपैकीं एरवीं ४१ दगावत, तेथें तें दिल्यावर २९ दगावले. प्राणवायु घेणाऱ्यांत हा आंकडा २६ वरून २३ वर आला. पण ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती त्यांना त्यापासून लाभ झाला नाहीं. उलट त्यांच्यांतील मृत्यूंचा आंकडा किंचित् वरच राहिला. हा शेवटचा भाग पहिल्याइतकाच मोलाचा होता, आणि नेमका तोच पुष्कळांच्या कानांवर गेला नाहीं.

टोसिलिझुमॅबची बाजू अगदींच पडकी होती असें मात्र नव्हे. २०२१ सालीं त्याच ब्रिटिश चांचणीनें ४,११६ रोग्यांचा निकाल दिला. ज्यांना प्राणवायु लागत होता आणि दाहहि चढता होता, अशांत औषध न घेणाऱ्या १०० पैकीं ३५, तर घेणाऱ्या १०० पैकीं ३१ दगावले. त्यांतील बहुतेकांना डेक्सामेथासोनसारखें औषध आधींच चालू होतें. शंभरांत चार जीव. ही प्राप्ति क्षुल्लक नाहीं, पण ती संजीवनीहि नाहीं. जुलै २०२१ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनेंहि गंभीर रोग्यांसाठीं त्याची शिफारस केली. याचा अर्थ असा कीं, औषध तेंच, रोगहि तोच. कोणास आणि केव्हां एवढ्यावर त्याचें अमृत किंवा पाणी होत होतें.

आणि तो आंकडा? येथें इतिहासाचा विनोद थोडा क्रूर आहे. २०२० सालीं अनेक अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तेव्हां गंभीर कोविडमध्यें इंटरल्यूकिन-६ ची सरासरी ४० पिकोग्रॅमच्याहि आंत भरली. पेशीचिकित्सेंतील वादळांत तीच ३,००० च्या वर असते. ‘वादळ’ हा शब्दच कोविडला कितपत शोभतो असा प्रश्न त्यामुळें उभा राहिला. दुसरें असें कीं, टोसिलिझुमॅब दारावर बसलें म्हणजे बाहेर खोळंबलेले दूत रक्तांत सांचतात. त्यामुळें इंजेक्शन दिल्यावर हा आंकडा उतरण्याऐवजीं चढतो. उलट सीआरपी झरझर उतरतो. पण तो आग विझली म्हणून नव्हे, तर वर्दी थांबली म्हणून. त्या आडोशाला नवा जंतुसंसर्ग होत असला तरी कागद निश्चिंतच दिसतो. ज्या घरांनीं इंजेक्शननंतर पुन्हां तपासणी करून वाढलेला आंकडा पाहिला असेल आणि रात्रभर डोळ्यास डोळा लावला नसेल, त्यांचें भय त्या आंकड्यापुरतें तरी निराधार होतें, हें त्यांना सांगण्यास त्या गर्दींत कोणास वेळ झाला नाहीं.

एप्रिल आणि मे २०२१ मध्यें मागणी एवढी वाढली कीं, परदेशांतून येणारें हें औषध केंद्र सरकारास राज्याराज्यांत वांटून द्यावें लागलें. हैदराबादच्या एका कंपनीनें देशांत तयार केलेल्या औषधास सप्टेंबरमध्यें तातडीची परवानगी मिळाली, तेव्हां लाट ओसरली होती. आणि कुंपण आवश्यकतेहून अधिक मोडलें तर काय होतें, तेंहि त्याच वर्षीं दिसलें. दाह दडपणारीं औषधें अवेळीं वा अधिक दिवस घेतलेल्या, आणि विशेषतः मधुमेह असलेल्या, कित्येक रोग्यांस म्युकरमायकोसिस ही बुरशी जडली. कोणाचा डोळा गेला, कोणाचा जबडा. मराठवाड्यासहि त्याची झळ पोंचली. कालपर्यंत शेत खाणारें कुंपण आज नव्हतें, आणि उघड्या शेतांत दुसरेंच जनावर शिरलें होतें.

या सगळ्यांत दोष कोणाचा हें ठरविण्यास हा लेख नाहीं. ज्ञान तयार होत होतें आणि रोगी खाटेवर होता. दोघांची गति सारखी नव्हती. आपल्या माणसासाठीं दागिना मोडणाऱ्या घरानें चूक केली असें म्हणण्याचा अधिकारहि कोणास नाहीं. पण इतिहासाचा उपयोग पुढच्या वेळेस असतो. बजाजनगरच्या एखाद्या घरांत तो तपासणीचा कागद आजहि कपाटांत घडी करून ठेविलेला असेल. त्यावरील आंकडा हा निकाल नव्हता. तो एका प्राचीन आणि इमानी दूताचा निरोप होता. त्या निरोपाचा अर्थ रोग्याचा श्वास, प्राणवायूची गरज आणि आजाराचा दिवस हीं तिन्ही पाहूनच लावावयाचा असतो. पुन्हां असा प्रसंग आलाच, तर “आंकडा किती?” या प्रश्नाआधीं “अवस्था कोणती?” हा प्रश्न वैद्यास विचारतां आला पाहिजे. तो प्रश्न नवा नाहीं. कच्च्या शोथावर शस्त्र धरणाऱ्या आणि पिकलेल्याकडे डोळेझांक करणाऱ्या वैद्यांस एकाच पंक्तीस बसविणाऱ्या सुश्रुतानें तो फार पूर्वीं आपल्याच दारीं विचारून ठेविला आहे.